आई तिघांची, सेवा एकटीची

पत्र

ताई, सलाम. मी नगरची, वय 46. अडीच वर्षांपूर्वी सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. आता त्या 78 वर्षांच्या आहेत आणि अंथरुणावरच असतात. मी बालवाडीत शिकवत होते, ते सोडलं. आंघोळ, डायपर, भरवणं, औषधं सगळं मीच बघते. आमचे हे रात्री दमून येतात. मुलगी बारावीला आहे. दीर पुण्याला चांगल्या नोकरीत आहेत, तिथल्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर आहेत. मागच्या वर्षी चर्चच्या बांधकामाला त्यांनी आईच्या नावाने 25,000 रुपये दिले. आईच्या डायपरसाठी मात्र एक रुपया आलेला नाही. जाऊबाई अडीच वर्षांत चारदा आल्या, त्यातल्या दोनदा नुसता चहा पिऊन निघाल्या. नणंद नाशिकला असते, फोनवर रडते, येत नाही. मी कुणाला काही बोलले नाही. प्रीती निःस्वार्थ असावी, मोबदला मागू नये, हेच लहानपणापासून ऐकलं.

दोन महिन्यांपूर्वी अंग पुसताना सासूबाई सारखा माझा हात ढकलत होत्या. माझा तोल गेला आणि मी त्यांच्या हातावर फटका मारला. त्या लहान मुलासारख्या रडल्या. हे कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही. रविवारी शेजारच्या काकू दोन तास सासूबाईंजवळ बसतात म्हणून मी उपासनेला जाते, पण प्रभुभोजनाच्या आधीच काहीतरी कारण सांगून उठते. मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या पहिले करिंथ 13 वर, म्हणजे प्रीतीच्या अध्यायावर उपदेश केला. बाहेर आल्यावर बायका म्हणाल्या, तुझ्यासारखी सून देवाने सगळ्यांना द्यावी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्या मनात प्रीती उरलेलीच नाही, ताई. मी ढोंगी आहे का? निःस्वार्थ प्रीती करायची तरी कशी?

उत्तर

प्रिय बहीण, सलाम.

प्रीतीबद्दल बोलण्याआधी त्या फटक्याबद्दल बोलू. तो तुमच्या छातीवर बसला आहे आणि तो उतरल्याशिवाय मी पुढे काहीही लिहिलं तरी तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

हात उगारला ते चुकलंच. अंथरुणावर पडलेल्या माणसाला ना उठून जाता येतं, ना उलट काही करता येतं. तुम्हालाही हे कळतंय, म्हणून तर लिहिलंत. पण मी नर्स म्हणून उभी हयात वॉर्डात काढली आहे आणि एक गोष्ट खात्रीने सांगते. दिवसरात्र एकट्याने पेशंट सांभाळणाऱ्या माणसाचा हात एखाद दिवशी असा उठतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात दुष्टपणा नसतो. तो माणूस पार संपत आलेला असतो. म्हणून या प्रसंगाला पाप म्हणून प्रभूपुढे ठेवा आणि त्याच वेळी धोक्याची खूण म्हणूनही बघा. नुसतं पाप म्हणून रडत बसलात आणि बाकी सगळं आहे तसंच चालू ठेवलंत, तर पुन्हा हात उठेल.

आज रात्रीच सासूबाईंजवळ बसा. त्यांच्या डाव्या बाजूला बसा, कारण त्यांना त्या बाजूचं नीट कळतं. डावा हात हातात घ्या आणि स्पष्ट म्हणा, "आई, त्या दिवशी मी तुमच्या हातावर मारलं. माझं चुकलं. मला क्षमा करा." त्यांना समजेल की नाही, याचा हिशेब करू नका. बहुतेक माणसांच्या बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं, म्हणून उजवी बाजू गेली की अनेकदा बोलणंही जातं. पण बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं नाही. अशा पेशंटना पुष्कळदा आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त कळत असतं. आणि त्यांना कळलं नाही असं समजलं, तरी तुम्ही म्हणालात, हे खरंच आहे.

आता त्या हात का ढकलतात ते बघू. झटक्यानंतर लुळा पडलेला खांदा पुष्कळदा फार दुखतो. त्या हाताला धरून ओढलं किंवा कूस बदलताना तो अंगाखाली दबला, तर जीव जातो. सांगता येत नाही, म्हणून चांगल्या हाताने ढकलतात. ब्लाउज किंवा गाऊन घालताना आधी लुळ्या हाताची बाही चढवा, मग चांगल्या हाताची. काढताना उलट, आधी चांगला हात मोकळा करा. काखेत हात घालून उचलू नका, पाठीमागून आधार द्या. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघून घ्या. आणि हात लावण्याआधी सांगा, "आई, आता पाठ पुसते हं." तुम्ही कामाच्या घाईत असता, त्यांना मात्र कुठून हात येणार तेच कळत नाही.

दुसरं असं, त्या बाईमाणूस आहेत. ज्या बाईचा पदर आयुष्यभर ढळला नाही तिला आज सुनेपुढे उघडं पडावं लागतं. अंगावर चादर ठेवा आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करा. मुलीला आणि मुलीच्या बाबांना तेवढा वेळ खोलीबाहेर थांबायला सांगा, दार ओढून घ्या. मी असे पुष्कळ हात बघितले आहेत, जे चादर नीट पांघरली की ढकलायचे थांबले. तरीही एखाद्या दिवशी तुमचा पारा चढायला लागला, तर पलंगाचा कठडा वर करा, त्या सुरक्षित आहेत ना हे बघा आणि दहा मिनिटं गॅलरीत जा. अंग पुसायचं दहा मिनिटांनी झालं तरी काही बिघडत नाही.

तुम्ही म्हणता, मनात प्रीती उरलेली नाही. मग मला सांगा, अडीच वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या पाठीला जखम आहे का? तुमच्या पत्रात तसा एक शब्दही नाही. दर दोन तासांनी कूस बदलल्याशिवाय, रात्री उठल्याशिवाय, अंग कोरडं ठेवल्याशिवाय हे होत नाही. ज्या रात्री मनात काहीही नव्हतं, नुसती झोप आणि चीड होती, त्या रात्रीही तुम्ही उठलात. प्रेषित पौलाने त्याच तेराव्या अध्यायात प्रीती कशी असते ते सांगितलं आहे. सहनशील, परोपकारी, हेवा न करणारी, स्वार्थ न पाहणारी. ही सगळी वागणूक आहे. मनाला कसं वाटावं, याबद्दल तो फारसं काही बोलतच नाही. वाटेत लुटलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही त्याला कळवळा आला असं लूक आपल्या शुभवर्तमानात एकदाच सांगतो, पण पुढे जे येतं ते सगळं हातांचं काम आहे. तो जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं.

ढोंगी हा शब्द प्रभूने कुणासाठी वापरला, तेही आठवा. लोकांनी बघावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांसाठी आणि धर्म करताना पुढे कर्णा वाजवणाऱ्यांसाठी. तुमची सेवा बंद खोलीत चालते, तिथे बघायला कुणी नाही. आणि नको वाटतं म्हणून तुम्ही ढोंगी ठरत असाल, तर वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू काय म्हणाला? हा प्याला शक्य असेल तर माझ्यावरून टळून जावो. त्यालाही नको वाटलं. त्याने ते लपवलं नाही, पित्याला सांगितलं. शिष्यांनाही सांगितलं की माझा जीव अति खिन्न झाला आहे, तुम्ही माझ्याबरोबर जागे राहा. त्याने सोबत मागितली, बहीण! तुम्ही अडीच वर्षांत कुणाकडेच मागितली नाही.

इथे तुमची आणि माझी गाठ पडते, कारण गप्प बसण्यालाच तुम्ही निःस्वार्थ प्रीती समजून बसला आहात. मी हे कठोरपणे म्हणत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये मुलींना हेच शिकवलं जातं, संडे स्कूलपासून लग्नाच्या उपदेशापर्यंत. पण तुमचं पत्र जरा माझ्या नजरेने वाचा. जाऊबाई चारदा आल्या, त्यातल्या दोनदा चहा पिऊन निघाल्या. 25,000 रुपये दिले, पण डायपरला एक रुपया नाही. तोंड बंद आहे, पण आत वही उघडीच आहे आणि रोज तिच्यात एक ओळ भरते आहे. प्रीती अपकार स्मरत नाही, असं पौल म्हणतो. तुम्ही मोबदला मागत नाही, पण थकबाकी विसरलेलाही नाहीत. आणि ती थकबाकी ज्यांच्या नावावर आहे त्यांना हात लागत नाही. फटका कुणाला बसला? ज्यांचा या हिशेबाशी काही संबंध नाही अशा आजारी बाईला.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही आज्ञा प्रभूने जिथून घेतली ते जुन्या करारातलं लेवीय 19 उघडा. ती अठराव्या वचनात आहे. तिच्या लगेच आधीच्या, सतराव्या वचनात सांगितलं आहे की आपल्या भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नको, त्याचं चुकत असेल तर त्याला बोल, नाहीतर त्याच्यामुळे तुलाही पाप लागेल. म्हणजे देवाच्या नियमशास्त्रात तोंडावर खरं सांगणं आणि प्रीती करणं ही शेजारी शेजारी बसलेली आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अठरावं वचन छापतात, सतरावं कुणी छापत नाही. मत्तय 18 मध्ये प्रभूनेही तेच सांगितलं. तुझ्या भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू एकटे असताना त्याला सांग. त्याने ऐकलं तर तुला तुझा भाऊ मिळाला. दिरांना काहीच न सांगून तुम्ही त्यांच्यावर उपकार करत नाही आहात. स्वतःच्या आईचे हातपाय चेपण्याची संधी त्यांच्या हातून निघून चालली आहे आणि त्यांना ते कुणी सांगतही नाही. आई गेल्यावर त्यांना जो पश्चात्ताप होईल, त्यातून त्यांना वाचवणं हीसुद्धा प्रीतीच आहे.

पण दिरांच्या आधी दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे. तुमच्या पत्रात दिरांबद्दल आहे, जाऊबाईंबद्दल आहे, नणंदेबद्दल आहे. तुमच्या यजमानांबद्दल एकच वाक्य आहे, "आमचे हे रात्री दमून येतात." बस. आई तर त्यांचीच आहे ना? तुम्हीही दमता, पण ते लिहायला तुम्हाला फटक्याची गोष्ट सांगावी लागली.

इफिसकरांच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं पत्नींनी अधीन राहावं हे वचन आपल्याकडे लग्नात हमखास वाचतात. त्याच अध्यायात पतींना काय सांगितलं आहे? ख्रिस्ताने जशी मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी आपल्या पत्नीवर प्रीती करा. स्वतःला देण्याची आज्ञा त्या ठिकाणी पुरुषाला आहे. निःस्वार्थ प्रीतीवरचे उपदेश बहुतेक वेळा बायकांच्या बाकांकडे बघून होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढच्या बाकावरचा पुरुष मान डोलावतो, घरी जाऊन जेवतो आणि झोपतो.

तेव्हा पहिलं बोलणं यजमानांशी. भांडण नको, टोमणा नको, जेवताना किंवा झोपायच्या वेळी नको. शनिवारी संध्याकाळी काकूंना तासभर बसवा आणि दोघं बाहेर पडा. फटक्याची गोष्ट त्यांना सांगा. हो, सांगाच. नवराबायकोत एवढी मोठी गोष्ट एकाच्या पोटात राहणं बरं नाही, आणि ती ऐकली की परिस्थिती कुठवर आली आहे हे त्यांना दहा तक्रारींपेक्षा लवकर कळेल. मग "तुम्ही काही करत नाही" असं मोघम न बोलता नेमकी कामं मागा. रात्री दहाची आणि पहाटेची कूस बदलणं त्यांचं. रात्रीच्या गोळ्या त्यांच्या. रविवारी सकाळी पेज भरवणं त्यांचं. आईचं अंग पुसायला मुलाला अवघड वाटत असेल तर ते समजण्यासारखं आहे, त्यांना आणि आईला दोघांनाही. पण भरवायला कसलं अवघड? पाठीमागे उशा लावून सरळ बसवायचं, छोटा चमचा, घास गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून पेजेसारखं दाट द्यायचं. हे दोन रविवारांत शिकता येतं. मुलाच्या हातून चार घास जाताना त्या माउलीचा चेहरा कसा होतो, तेही त्यांना बघू द्या.

मग दिरांना फोन. तो तुम्ही करायचा नाही, यजमानांनी करायचा, आणि नणंदेलाही करायचा. सून बोलली की त्याचं भांडण होतं, भाऊ बोलला की तो घरचा प्रश्न होतो. बोलणं सरळ असावं, म्हणजे काहीसं असं: "आईचं सगळं तुझी वहिनी अडीच वर्षं एकटी करते आहे आणि आता तिच्याच्याने होत नाही. आई आपल्या तिघांची आहे. पेशंट सांभाळायला दिवसा ब्युरोची बाई ठेवायची आहे. तिचा पगार आणि औषधं-डायपरचा खर्च तिघांत वाटू या. आणि दर तीन महिन्यांनी तू चार दिवस इथे येऊन राहा, म्हणजे वहिनीला माहेरी जाता येईल." आकडा फोनच्या आधीच कागदावर मांडून ठेवा. मोघम मागितलं की उत्तरही मोघम मिळतं.

चर्चला दिलेल्या 25,000 चा विषय तुम्ही काढू नका. पण दीर स्वतःच म्हणाले की मी देवकार्याला देतो, तर यजमानांनी मार्क 7 वाचून दाखवायला हरकत नाही. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा तो पैसा "कुर्बान" म्हणून देवाला वाहिला असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने फार कडक शब्दांत सुनावलं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलही लिहितो की मुलानातवंडांनी आधी स्वतःच्या घरात सुभक्ती दाखवायला शिकावं. कमिटीवरच्या माणसाला हे ठाऊक असणार.

आणखी एक वाक्य अशा वेळी हमखास येतं, तेही आधीच सांगून ठेवते: "घर तुम्हालाच मिळणार आहे ना, मग करा की." आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर आईच्या मालमत्तेत मुलगे आणि मुलगी सगळ्यांचा सारखा वाटा असतो. जो सांभाळतो त्याचं घर, असं काही त्यात नाही. तसंच आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 साली जो कायदा झाला, त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे. सुनेचं नाव त्यात नाही. हे कुणाला कोर्टात खेचायला सांगत नाही. तुम्ही जे करता ते कर्तव्य म्हणून तुमच्यावर लादलेलं नाही, ते तुम्ही प्रीतीने दिलेलं आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आणि आधी तुम्हाला समजावं म्हणून सांगते.

मदत मागितली, बाई ठेवली की सेवेला कमीपणा येतो, असं तुमच्या मनात येईल. शोमरोन्याचा दाखला शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या दिवशी तो काय करतो? दोन दीनार काढून उतारशाळेच्या रखवालदाराला देतो. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. याची काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या कामाला निघून जातो. प्रभूने प्रीतीचा नमुना म्हणून जो माणूस उभा केला, त्याने दुसऱ्याच दिवशी काम वाटून दिलं आणि त्याचे पैसे मोजले. आणि खुद्द प्रभूने आईच्या बाबतीत काय केलं? वधस्तंभावर असताना त्याने तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवलं, आणि त्या वेळेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. आईची व्यवस्था करून देणं हेही प्रीतीचंच काम होतं.

आपल्या महाराष्ट्रातलंच बघा. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. एवढा संसार एकट्या रमाबाईंच्या दोन हातांवर चालला नाही. मुलगी मनोरमाबाई होत्या, मिनी एब्रॅम्ससारख्या सहकारी होत्या, आणि सावरलेल्या बायका तिथलंच काम बघू लागल्या. रमाबाईंचं निःस्वार्थीपण त्यामुळे कमी झालं, असं कुणी म्हणेल का?

आता त्या बायकांबद्दलही सांगते, ज्या म्हणाल्या की तुझ्यासारखी सून सगळ्यांना मिळावी. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं की तिथल्या तिथे सांगा, "मग बुधवारी दुपारी दोन तास येऊन बसाल का? मला झोपायचं आहे." प्रेषितांच्या काळात रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा मंडळीने नुसती प्रार्थना केली नाही, सात माणसं नेमली. तुमच्या महिला मंडळात आठवड्याच्या आठवड्याला एक बाई बुधवारला मिळणार नाही? पाळकबाईंशी बोला. आणि शेजारच्या काकू, ज्या न सांगता दर रविवारी येऊन बसतात, त्यांना या रविवारी जरा जास्त वेळ हात धरून "तुमच्यामुळे मला उपासना मिळते" एवढं म्हणा. माझा शेजारी कोण, या ज्या प्रश्नावर प्रभूने शोमरोन्याचा दाखला सांगितला, त्याचं उत्तर तुमच्या घरात दर रविवारी येऊन बसतंय.

एवढं करूनही दीर नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. एक श्रीमंत माणूस प्रभूकडे आला होता. मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली आणि त्याला नेमकं सांगितलं की तुझ्यात काय उणं आहे. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला. प्रभू त्याच्या मागे धावला नाही, आपलं बोलणं सौम्यही केलं नाही. तुम्ही दोघांनी खरं सांगितलंत की तुमच्याकडचं काम झालं. मग वही बंद करा. जाऊबाई पाचव्यांदा आल्या तर चहा करा आणि तो खरोखरच चहा असू द्या. नणंद फोनवर रडली तर तिला म्हणा, "रडू नको, ये, आईजवळ बस." तुमच्या दोघांच्या ऐपतीत अर्ध्या दिवसाची बाई बसत असेल तर अर्ध्या दिवसाची ठेवा. बालवाडीचं काम पुन्हा मिळत असेल तर घ्या, त्यातून तिचा पगारही निघेल आणि मुलांच्या गलक्यात तुम्हालाही बरं वाटेल.

मुलीसाठीही हे करायला हवं. ती बारावीला आहे, दिवसभर घरात अभ्यास करते आणि सगळं बघते. आजीला तुम्ही कसं जपता ते बघते, तसंच आईला कुणी जपत नाही हेही बघते. तिने पहिलं शिकावं आणि दुसऱ्याला मुकाट्याने मान तुकवू नये, असं मला वाटतं. तुमचं बीपी आणि शुगर शेवटची कधी तपासली होती? या आठवड्यात तपासून घ्या आणि तिलाच बरोबर न्या.

आता प्रभुभोजनाचं. माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग त्या भाकरीतून खावं, असं पौल लिहितो. परीक्षण करून दूर राहावं, असं तो म्हणत नाही. मेज चुका न करणाऱ्यांसाठी मांडलेलं नाही. शिष्य पेत्र आपल्याला तीनदा नाकारणार, हे माहीत असूनही प्रभूने त्याला त्याच रात्री भाकर दिली. तुमच्या बाबतीत एकच गोष्ट आधी करायची आहे, जी मत्तय 5 मध्ये वेदीपाशी दान अर्पण करण्याआधी करायला सांगितली आहे: जा आणि समेट कर. ती आज रात्री सासूबाईंजवळ होईल. म्हणजे येत्या प्रभुभोजनाला मधूनच उठायचं काही कारण उरत नाही.

आणि सासूबाईंना अडीच वर्षांत प्रभुभोजन मिळालं आहे का? तुम्ही लिहिलं नाही. पाळकसाहेबांना उद्या फोन करा. आजारी माणसाला घरी येऊन प्रभुभोजन द्यायला ते येतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की गिळायला त्रास असेल तर भाकरीचा अगदी बारीक कण द्राक्षरसात भिजवून द्यावा लागेल आणि त्या वेळी आईंना उशा लावून बसवावं लागेल. यजमानांना तेव्हा घरी थांबायला सांगा, उशा त्यांनाच लावू द्या. दिरांना आणि नणंदेलाही तारीख कळवा. नुसती तारीख आणि वेळ, बाकी काही नको.